वायसर

पाणी साडेसहाला जातं.
मग मी मोरीत स्टूल टाकून बसतो.
पूर्वी उकिडवा बसायचो.

बारा नंबरचा पाना शोधण्यात अर्धा तास मोडला.
सापडला खिडकीत,
झडप आपटू नये म्हणून
मीच अडकवून ठेवलेला, कधी कोण जाणे.

माझगाव गोदीत एकतीस वर्षं
बोटींच्या पोटात शिरून व्हॉल्व्ह खोलले,
नारळाएवढे नट.
आणि कन्नमवार नगरात, दुसऱ्या मजल्यावर,
हा दोन रुपयांचा वायसर
माझं ऐकत नाही.

आटे झिजलेत. नळाचे म्हणतोय.
टेप उलटी गुंडाळली जाते,
अंगठा भलतीकडेच दाबतो,
स्क्रू हातातून सुटून
जाळीतून खाली, खुळखुळत,
रेवंडकरांच्या पायपापर्यंत ऐकू येतो.
एक शिवी देतो. कोणाला, ते ठरलेलं नाही.

‘प्लंबर बोलवा की. तीनशे घेतो,’
हेमलता ओट्यापाशी भाजी चिरता चिरता.
तीनशेचा प्रश्नच नाहीये.
ते तिलाही माहीत आहे,
म्हणून ती परत म्हणत नाही.
परत म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

साडेअकराला नळ बसला एकदाचा.
जरा तिरका आहे, पण बसला.
स्टुलावरून उठायला भिंत धरली,
भिंतीवर काळा पंजा उमटला.

आता पाणी उद्या पहाटे पाच चाळीसला.
तोवर एक थेंब गळणार नाही,
तोवर हा नळ दुरुस्त आहे.

रात्री दिवा न लावता
तिने मोरीत बादली सरकवली, अगदी हळू.
मी कूस बदलली नाही.