मागणी बारा, मंजूर दोन

गोकुळपेठेत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान, आठ बाय अकराचं.
एका अंगाला पिको-फॉल, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी,
मधे काचेआड वीतभर उंचीच्या तलवारबाज मुली,
पंखवाले राक्षस
आणि एक लालबुंद यंत्रमानव,
ज्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही.
बाहुली म्हटलेलं गिऱ्हाइकाला खपत नाही, फिगर म्हणायचं.
गिरणी सुरू झाली की सगळे किंचित थरथरतात.

"थेट जपानहून मागवता का जी?"
थेट असं काही नसतं.
कंपनी सिंगापूरच्या माणसाला ओळखते,
सिंगापूरचा माणूस मशीद बंदरच्या दमानियाला,
दमानिया मला,
तेही आगाऊ रक्कम भरायच्या दिवशी.
झिरो माइलचा दगड सांगतो, तुम्ही देशाच्या मधोमध आहात.
दमानियाचं बिल सांगतं,
मधोमध म्हणजे प्रत्येक बंदरापासून लांब.

वर्षभर आधी चित्र येतं. नुसतं चित्र.
रंग बदलू शकतो, महिना बदलू शकतो,
डॉलर तर बदलतोच.
त्या चित्रावर मी लोकांकडून पैसे घेतो.
बाबा गांधीबागेत लुगडी विकायचे,
सूत चिमटीत चुरगाळून पाहिल्याशिवाय
रुपया सुटायचा नाही त्यांच्या हातून.
एकदा माझी वही चाळून म्हणाले,
"न पाहिलेल्या मालाचे, न ठरलेल्या दिवसाचे पैसे?
हे दुकान हाय का नवस?"

वाटप हा शब्द मला दमानियानं शिकवला.
बारा मागा, तीन मिळतात.
तीन मागा, फोन उचलत नाही.
म्हणून सगळेच बारा लिहितो,
इंदूरचा, रायपूरचा, मी.
त्यालाही ठाऊक, आम्हालाही.
एकदाच बाराच्या बारा आल्या.
त्यातल्या आठ अजून माळ्यावर.
मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांत,
त्यांचे घोटे मऊ पडले
आणि आठही जणी एकाच बाजूला कलल्या,
जशा पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकतायत.

या खेपेला दोन. पैसे भरलेले तिघं.
हिंगण्याच्या कारखान्यातला गेडाम,
डेंटल कॉलेजची एक पोरगी,
आणि मेडिकलच्या चहांदे सिस्टर,
दर पगाराला शंभर-दोनशे आणून देणाऱ्या.
वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातून
खोका स्कूटरवर पायांत धरून आणला.
उघडला, तर एका डब्याचा कोपरा चेपलेला.

गेडामनं चांगला डबा उजेडात फिरवला,
आठही कोपरे मोजले, नेला.
पोरगी म्हणाली, चेपलेला नको, पुढच्या खेपेपर्यंत थांबते.
पुढची खेप नसते.
हे मी तिला सांगितलं नाही.

सिस्टर ड्यूटी संपवून आल्या, रात्री साडेनऊला.
मी कोपऱ्यावर अंगठा ठेवूनच डबा पुढे केला.
"अंगठा काढा न."
काढला.
त्यांनी पाहिलं, मग पर्समधून कात्री काढली,
बँडेज कापायची, बोथट टोकाची,
आणि माझ्याच काउंटरवर सील कापलं.

अकरा वर्षांत या दुकानात
कुणी डबा उघडला नव्हता.

तळहातावर उभी केली तिला.
चेहरा पाहिलाच नाही फारसा.
फिरवली,
आणि पाठीवरच्या वेणीकडे, वेणीच्या शेवटच्या गाठीकडे
बराच वेळ पाहत राहिल्या.
"मागून कशी हाय, ते चित्रात नव्हतं न."
कुणासाठी घेतली, मी विचारलं नाही.
रिकामा डबा मात्र त्या विसरून गेल्या,
की ठेवून गेल्या.

शटर ओढताना दमानियाचा मेसेज.
नवं चित्र, पुढच्या फेब्रुवारीचं. किती?
मी बारा लिहिलं.
मग थोडं थांबून,
मागून कशी आहे?
दोन निळ्या खुणा उमटल्या.
उत्तर काही आलं नाही.