धोट्यासाठी स्थळ

साखर पेठेतल्या नरसय्या गुंडेटींचे चार माग
मार्चअखेरीस किलोवर गेले.
शेडमध्ये उरला धोटा.
मागांमधल्या बोळातून इकडून तिकडे,
तिकडून इकडे पळायचा, म्हणून ते नाव.
वय सहा, एक कान दुमडलेला, कानात कापसाचं तूस,
गळ्यात पट्टा, तोही मागाच्याच चामड्याचा,
दोन रिव्हेट मारून केलेला.

"पोरगं भिवंडीला बोलवतंय, अक्का. तिसरा मजला.
कुत्रं चालत नाही म्हणतेत तिथं.
धाकटं म्हणतंय, हायवेला सोडून येतो.
मी गाडीची किल्लीच लपवून ठेवलोय.
बघा की वो कुठंतरी."

मी बघते.
मुलींची स्थळं बघितली दोन,
कुत्र्यामांजरांची किती, मोजलं नाही.
फुकट म्हटलं की माणसं घाईनं येतात,
म्हणून तो शब्द मी वापरत नाही.
आधी विचारते, याआधीचं कुत्रं कशानं गेलं?
आणि उत्तरापेक्षा
उत्तराआधीचा थांबा ऐकते.

होटगी रोडवरून एक जण आला, प्लॉट राखायला पाहिजे म्हणाला.
साखळी किती फुटांची?
"सोडायचीच कशाला साखळी?"
त्याला चहा दिला. धोटा दिला नाही.

मग जुळे सोलापूरचं जोडपं. माणसं सोन्यासारखी.
कूलरची खोली, धुतलेलं बारदान, दूध-भाकरी.
तीन रात्री धोटा फरशीवर उभा राहिला.
आडवा होईना, भुंकेना,
नुसता दाराकडून भिंतीकडे, भिंतीकडून दाराकडे.
चौथ्या सकाळी बाई रडत परत घेऊन आल्या.
परत आणला. कुठं सोडून नाही दिला.
वहीत त्यांच्या नावापुढं मी हे लिहून ठेवलंय.

मला उशिरा कळलं.
त्याला जागा नवीन नव्हती,
शांतता नवीन होती.

नीलम नगरात नागमणी चिलवेरींच्या परसात
अजून तीन माग चालतात, टॉवेलचे.
त्या कांड्या भरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या,
"चावतं का?"
"घाबरलं तर."
"मीपण."
मला हे उत्तर आवडलं.

मी अटी सांगत होते.
पंधरा दिवस दोरी सोडायची नाही,
सुटला तर साखर पेठेत जाईल,
तिथं आता शटर आहे.
पाणी चार दिवसांनी येतं,
त्यात याचा वाटा आधी काढायचा.
रेबीजचं कार्ड हे, पुढची तारीख ही.
नाही जमलं तर मला फोन,
रात्री दोनला आला तरी शिवी देणार नाही,
पण तिसऱ्याच्या हातात परस्पर
द्यायचा नाही.

नागमणींनी बोट ओठावर ठेवलं.
मागाखाली, तेलाच्या डागावर,
हनुवटी टेकून
धोटा झोपला होता.
खटाक-खट, खटाक-खट,
आणि पोट वरखाली.

पंधराव्या दिवशी मी तिथूनच भिवंडीला फोन लावला.
बोलले नाही काही. फोन मागाकडं धरला.
बराच वेळ पलीकडून श्वास तेवढा.
मग नरसय्या म्हणाले,
"अक्का, पट्टा ढिला झालाय."

मी चटकन धोट्याच्या गळ्याशी हात नेला.
बोटं दोन जात होती, पाहिजेत तेवढीच.

"त्याचा नाही वो," ते म्हणाले,
"मधल्या मागाचा. ठोका उशिरा पडतोय.
सांगा त्या बाईला,
आवळून घे म्हणावं."