सूचनेसाठी दोन ओळी

अक्कलकोट रोडच्या चौकात टेबल मांडून बसलेली पोरगी,
गळ्यात ओळखपत्र, अक्षता येमुल,
माझ्यापुढं फॉर्म सरकवते.
सायकलवरून जाताना काय आवडतं, काय सुधारावं.
प्रत्येकी दोन ओळी. थोडक्यात लिहा काका.
थोडक्यातच सगळं बसवत आलो बाई,
पण आता सात वाजलेत, रात्रपाळी सुटलीय,
आणि माझे कान अजून कारखान्यातच आहेत.

आवडतं ते आधी.
चोवीस मागांचा खडखडाट डोक्यात घेऊन फाटकाबाहेर येतो तेव्हा
जग मुकं असतं. चहावाल्याचे नुसते ओठ हलतात.
टांग टाकतो, दहा पायडल मारतो, पाय थांबवतो,
आणि मागच्या चाकातून येते
फ्रीव्हीलची टिकटिक.
सगळ्यात आधी कानाला ती परत मिळते.
मग कावळा. मग बोळातून भाकरी थापल्याचा आवाज.
घर येईतो मी पुरता माणूस झालेला असतो.
हे दोन ओळीत कसं लिहू?

मागं कॅरिअरला जुन्या ट्यूबची पट्टी आहे.
तिच्यावर कधी सुताचे कोन, कधी डबा,
एकदा तर आख्खी शिलाई मशीन
अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत आणलीय,
रुक्मव्वा मागून धरून चालत होती,
वाटभर मला शिव्या देत, हसत.
तेही आवडतं. लिहून घे.

सुधारायचं म्हणशील तर
बाभळी छाटतात आणि फांद्या काट्यांसकट कडेला टाकून जातात.
महिन्याला चार पंक्चर.
रसूलभाई म्हणतो, तुझ्या ट्यूबमध्ये ट्यूब कमी, ठिगळंच जास्त झालीत बे.
त्याला विचारलं, तुझं काय लिहू?
म्हणाला, माझं नाव नको घालू, काटे राहू दे.

एप्रिलात दुपारपाळीला निघताना
हँडल फडक्यानं धरावं लागतं.
वाटेवर लिंबाची सात झाडं होती. रस्ता रुंद झाला.
त्या रुंदीतलं वीतभर माझ्या वाट्याला आलं, तिथं
वाळू साचते, रिक्षा थांबते,
गटाराचं झाकण चार बोटं वर असतं.

आणि मागून येणारा ट्रक मला ऐकू येत नाही बाई.
हे कुणाला सांगितलेलं नाही. रुक्मव्वालाही.
मान वळवत वळवत चालवतो,
लोक म्हणतात, सायबण्णा रोज कुणाला शोधतो काय की.
एक पांढरी रेघ मारा म्हणावं साहेबांना,
तिच्या आत मला बहिरं राहू द्या.

राहता राहिला दुभाजक.
फाटकासमोर उभा, कुठं फट नाही,
वळसा घालायचा तर दीड किलोमीटर.
म्हणून आम्ही सायकली उचलतो.
पलीकडं कोण आहे ठाऊक नसतं,
तो चाक धरतो, मी सीट सोडतो.
परवा एका बाईनं धरलं,
विड्यांची पिशवी दातात, दोन्ही हात माझ्या चाकाला.
नाव विचारायच्या आत गेली.

तिथं फट पाडा, असं लिहायला पेन टेकवलं
आणि टेकवलेलंच राहिलं.
फट पडली की कोण कशाला हात पुढं करील?
पण गेल्या महिन्यात गड्डमच्या गुडघ्यावर सायकल पडली.
सहा टाके. आठ दिवसांची हजेरी बुडाली.

लिहिलं. फट पाडा, चाकाएवढी.
एक ओळ अजून शिल्लक आहे.

अक्षता काहीतरी विचारतेय. तिचे ओठ हलतात.
मी पायडल उलटं फिरवतो,
वाकून टिकटिक ऐकतो,
आणि म्हणतो, हां, आता बोल.