टोपणाखाली

लिओना पेसोनेनने मोटर आणली
जुन्या घोंगडीत गुंडाळून, छातीशी धरून.
हिरवं टोपण, त्यावर पिवळी अक्षरं: लेक बॅरन.
अशी कंपनी कधी नव्हतीच.
होतं ते एक दुकान, टपालानं माल धाडणारं;
त्याच्या जाडजूड कॅटलॉगात
कोंबड्यांची खुराडी आणि लग्नाचे पोशाख
यांच्या मधल्या पानावर ही,
साडेसात अश्वशक्ती, हप्त्यानं.
पुढे दुकान बुडालं. कॅटलॉगही
परसातल्या संडासात
पान पान करून संपला.

खालच्या पेटीतलं तेल ताकासारखं पांढरं.
गिअरचे दोन दाते गेलेले,
त्यांचा चुरा माझ्या बोटांवर चमकत राहिला.

उर्हो लाह्तेलानं चष्मा कपाळावर सरकवला,
जवळचं त्याला तसंच दिसतं.
"नाव शेवटी वाच," मला म्हणाला,
"आधी बोल्ट मोज."
मी मोजले. मग पंख्याच्या पिनेची जाडी,
मग दोरी चाकाला किती वेढे घेते ते.
क्लॅम्पवरची नंबरपट्टी कुणीतरी खरवडलेली:
तीन आकडे, मग एक बी,
किंवा आठ.
शेवटी त्यानं टॉर्च आत घातला,
रंग जिथं पोचत नाही तिथं.
ओतकामातच उमटलेला आकडा होता तो,
तो खरवडायचं कुणाच्या मनात येत नाही.

खणातून वही निघाली, काळ्या अंगठ्यांनी भरलेली.
एकाच पाळण्यात चार बारशी:
हिरवीचं नाव लेक बॅरन,
निळी टायरच्या दुकानातून विकलेली,
एक करडी, कॅनडाला गेलेली,
आणि लाल: नॉर्थ क्राउन.

"लाल एक आहे खाडीपलीकडे," उर्हो म्हणाला.
लिओना घोंगडीची घडी घालत होती.
घालतच राहिली.

टाउनो तिचा दीर. नवऱ्याशी त्याचं
एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं,
एका जाळ्यावरून; जाळं केव्हाच कुजलं.
रेइनोच्या दफनाला आला तो
फाटकाशी उभा राहून परत गेला.
त्याची लाल मोटर चार वर्षं बोटघरात,
पिस्टन अडकून.

"ती कॅटलॉगची? आणि ही?
उर्हो, तोंड धुऊन ये."

उर्हो वाद घालत नाही.
त्यानं दोन्ही टोपणं काढली
आणि दोघींना फळीवर शेजारी ठेवलं.
मी टॉर्च धरला.
टाउनोनं स्वतः बोल्ट मोजले,
ओठ हलवत, फिनिशमध्ये.
मग पुन्हा मोजले.
बोट आत घालून आकडा चाचपला,
या मोटरचा, मग त्या मोटरचा.

लाटा खांबांना चाटत होत्या.

"बावीस डॉलर जास्त दिले मी," तो म्हणाला,
"रंगाचे."

आणि बऱ्याच वेळानं,
"रेइनोला माहीत होतं?"

"पहिल्याच उन्हाळ्यात विचारून गेला."

"मग?"

उर्होनं पाना पुसला, पुसलेलाच परत पुसला.
"म्हणाला, टाउनोला सांगू नकोस.
त्याची फार आवडती आहे ती."

लाल मोटरचा खालचा भाग टाउनोनंच सोडवला.
एक बोल्ट गंजलेला, त्याला तासभर लागला,
आम्हाला हात लावू दिला नाही.
पैशांचं निघालं तेव्हा
तो सरपण फोडायला गेला.

रंगवून देऊ का, असं मी लिओनाला विचारलं.
डोकं हिरवं, पाय लाल, बरं दिसत नव्हतं.
ती नको म्हणाली.

वहीत उर्होनं नव्या ओळीत लिहिलं
'बसतो', तारीख, आणि
'गॅस्केट जाड घ्यावं.'

तिसऱ्या ओढीला सुरू झाली.
निळा धूर सुपिरियरवर सपाट पसरला,
लिओना खाडीच्या तोंडाशी वळली.
मी तेव्हा टाउनोच्या धक्क्यावर होतो,
त्याचा टॉर्च परत द्यायला आलेलो.
तो बादली हातात घेऊन थांबला,
मान तिरकी करून ऐकत.

"माझी सुरू झाली," म्हणाला.