आवशीची वही

आमच्या झरीवाडीत आईची आठवण निघायची
ती फक्त शिवीत.
जाळं फाटलं, आवशीचो घो.
इंजिन बंद पडलं, आवशीचो घो.
ती आवस कोण, तिचं नाव काय,
विचारायला सवड कोणाला होती?

विचारलं ते तलाठ्यानं.
बोट बुडाली त्या सालची गोष्ट. चार गेले,
तीन सापडले. सापडला नाही तो बाबलो.
त्याची आई कचेरीच्या बाकावर,
ओल्या चपला हातात धरून.
शाळेच्या दाखल्यावर ती शेवंती,
रेशनकार्डावर लक्ष्मी, लग्नात तांदळात लिहिलेली,
वाडीला ती बाबल्याची आवस,
आणि माहेरी आचऱ्याला दुर्पदी.
साहेब म्हणाले, बाई, यातल्या नेमक्या कोण तुम्ही?
तिनं चपला खाली ठेवल्या.
म्हणाली, चारय मीच.

भरपाई सहा वर्षं अडकली.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी
बर्फाच्या कारखान्यामागे अकरा जणी बसल्या.
दुर्पदी कुबल, हलिमा सोलकर, थोरली आवडू, धाकटी आवडू,
बाकीच्या वहीत आहेत.
लिहिता येत होतं एकट्या मोगरा खवणेकरणीला, चौथीपर्यंत,
तेही मासे मोजल्यासारखं, एकेक अक्षर सुटं सुटं.
नियम एकच: आत येणारीनं सांगायचं
आपलं जन्माचं नाव, आईचं, तिच्या आईचं,
जाईल तिथपर्यंत.
वर्गणी आठ आणे. नसतील तर सुका बांगडा.

तिसऱ्या-चौथ्या पायरीला नावं संपतात.
मोगरा पेन्सिल उचलून धरायची,
आणि दुर्पदी म्हणायची, मगे लिव काय म्हायत आसा ता.
म्हणून वहीत असं आहे:
नाव म्हायत नाय. डाव्या हातान जाळा विणायची.
नाव म्हायत नाय. पोटुशी आसताना चालत इली, खयसून ता सांगूक नाय.
नाव म्हायत नाय. वाघाक नाय, पालीक भियायची.
हलिमाच्या पणजीपुढे एकच शब्द:
हसायची.

आता मंडळाला शिक्का आहे, नोंदणी क्रमांक आहे,
दोन टोप, जुन्या शिडाचं एक स्ट्रेचर,
इस्पितळात रात्री कोण बसणार त्याचा तक्ता.
मासेमारी बंद असते तेव्हा तांदूळ उधार, व्याज नाही.
वसुलीला मात्र धाकटी आवडू;
एकदा तिनं लग्नाच्या पंगतीत नवऱ्यामुलाच्या बापाकडे
उरलेलं मापटं मागितलं होतं, जिलबी वाढत असताना.
कुणी बाई तालुक्याला कागदासाठी निघाली
की वही जाते बरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत,
आणि पिशवीबरोबर तिघी.
पुढं वारस नोंदीत कोणी अडकलं नाही, असं नाही.
एकटी अडकली नाही, एवढं खरं.

गेल्या साली आंब्याच्या बागेतली मनमाया आली.
नेपाळची, राखणदाराची बायको, कडेवर तान्हं.
थोरल्या काही बोलल्या, तिका कित्या, दोन वर्सांनी जातली ती.
मनमायानं एका दमात सात नावं म्हटली,
आईपासून वर, न अडखळता.
मला दोनदा खोडावं लागलं.
झरीवाडीतला सगळ्यात लांब वंश सध्या तिचा आहे.

माझा दोन ओळींचा.
सेक्रेटरी मी, आणि माझंच पान रिकामं, बरं दिसत नाही,
म्हणून राजापूरला आईला फोन लावला.
आजीच्या आईचं नाव काय गो?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, आम्ही तिला आजीच म्हणायचो.
फोन ठेवता ठेवता म्हणाली, थांब,
ती मासे मोजताना बारा म्हणायची नाही.
अकरा म्हणायची, मग, आणि एक.
का?
कोणी विचारलं नाही.

लिहिलं.
नाव म्हायत नाय.
अकरा, आणि एक.