गोल

मार्च लागला का माया दुकानात
खुर्चीले बूड टेकत नाई.
तिकडं आंबिया बहाराची फळं वाटान्याएवढी,
इकडं जळक्या वार्निसचा वास,
दारात पानबुड्या मोटरी लायनीनं निजलेल्या,
सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात निजतात मानसं, तशा.

पुतनी रुचिता सुट्टीत आली, पॉलिटेक्निकची पोट्टी.
म्हने, काका, दुकानाले एआय लावू.
म्हनलं लाव बाई, पंखा लावते तसा लाव,
बिल तेवढं कमी आलं पाह्यजे.

पयल्या दिवशी मीच बोललो फोनात :
ढोक्याची मोटर जळली, काय करू?
फोन एकदम शांत आवाजात,
"कृपया वाहनापासून दूर राहा.
अग्निशमन दलाला कळवा.
कोणाला इजा झाली आहे का?"
आरिज हासता हासता तांब्याच्या भंगारावर पडला.
देवराव ढोके मातर गंभीर : झाली ना राज्या इजा,
तीन दिस झाले, बगिच्यात टिपूस नाई.

मंग रुचितानं बाबाची वही काढली.
बत्तीस वर्सांची, तेलकट, पाठीवर चिकटपट्टी.
नाव, गाव, किती एचपी, गाळे, फेरे, तारेचा गेज.
एक एक पान फोटोत घेतलं पोरीनं,
जसं कोनी झोपलेल्याले न उठवता कूस बदलून द्यावी.

बाबाचे चार आन् पाच सख्खे भाऊ.
फोननं वाचलं, फेरे एकावन्न.
म्हनलं, एक्केचाळीस हायेत.
"माफ करा, आपण बरोबर आहात."
म्हनलं, थांब, साठ असतील.
"माफ करा, आपण बरोबर आहात."
हा तं सोसायटीचा सचिव हाय, म्हनलं,
ज्याच्या वसरीत बसला त्याचाच.
एकावन्न फेरे त्या गाळ्यात शिरतच नाईत,
हे बोटाले ठाव असते, त्याले बोट कुठून आनू?

तरी रुचितानं सोडला नाई.
चुकलेले आकडे मले इचारून इचारून दुरुस्त केले.
पाचव्या दिवशी रातच्याले त्यानंच इचारलं :
"काही नावांपुढे लहान गोल काढलेला आहे.
अशी एकोणीस नावे आहेत.
त्यातली सतरा मोटरी दोन महिन्यांच्या आत
पुन्हा वहीत दिसतात.
या गोलाचा अर्थ काय?"

मी वही घेऊन बल्बाखाली गेलो.
इतके वर्सं मी समजत होतो, उधारी.

माया बाबा, गोमाजी मिस्त्री,
ज्याच्या हातची मोटर परत येत नाई
असं वरूड रोडवर चहाच्या टपरीतबी बोलत,
त्यानं आपल्या चुका मोजून ठेवल्या होत्या,
एवढाल्या, ज्वारीच्या दान्याएवढ्या,
कोनाले न सांगता.
आन् मी? मायाकडं मोटर परत आली का
एकच शब्द तयार : होल्टेज.
लाइनवाल्याच्या नावानं वीस वर्सं दुकान चाललं.

काल ढोक्याची मोटर परत आली.
रुचिता फोन घेऊन बसली,
काका, कारन काय लिहू? होल्टेज?
आरिजनं मान खाली घातली, त्यानं पाह्यलं होतं,
त्या दिवशी घाईत कागद मीच तिरपा कापला होता.

म्हनलं, लिही, गोल.
म्हने, कोनाच्या नावापुढं?
म्हनलं, माया.
आन् त्या एकावन्नपुढंबी एक काढ, त्याचा.
दोघंबी नवीनच हावो.

मंग ढोक्याची मोटर पुन्हा उघडली,
जुनी तार ओढून काढली,
आन् आरिज मोठ्यानं मोजू लागला, एक, दोन, तीन,
फोन बाजूले चालू होता,
आयकत असंल.