खरं

पहिल्या दिवशी तिनं दोरीवर जे वाळत घातलं
ते मी हातात घेऊन बघितलं.
विचारलं-बिचारलं नाही. चाळीस वर्षं मागावर बसल्याची सवय.
साडेचार मीटर. काठ नाही, पदर नाही,
वीण विरळ, खरं रंग पक्का.
ती मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "तोब."
डोक्यावरनं घेऊन, अंगाभोवती फिरवून दाखवलं.
मी म्हटलं, "सुटतंय की गं. हितं पिन लाव."
कुणाला काय कळलं देव जाणे.
दुसऱ्या दिवशी पिन होती.

ओमदुर्मान कुठल्या अंगाला आहे मला ठाऊक नाही.
नवरा फार्मसी शिकायला आला बेळगावात,
मागनं बायको, पोर,
आणि त्यांच्या मागं तिकडं लढाई लागली.
घर कसं होतं विचारलं की इखलास फोन पुढं करते.
निळं दार.
दुसरा फोटोच नाही.

वडगावात बायका विचारतात, का दिलीस खोली?
मी म्हणते, भाडं येतंय.
खरं दोन महिने झाले, आलेलं नाही.

जोंधळ्याचं पीठ ती रात्रभर आंबवते,
सकाळी तव्यावर ओतून खजुराच्या पात्यानं पसरते.
आता पात्या संपल्या. माझ्या जुन्या पासबुकाचं कव्हर वापरते.
माझी भाकरी हातात घेऊन तिनं वजन केलं,
हसली. मला राग आला.
त्याच दुकानातला जोंधळा, एकाच पिशवीतला.

मराठी ती माझंच शिकली, म्हणजे हितलं.
पुण्याहून जाऊ आली तेव्हा म्हणाली,
"अगं, तिला 'पण' म्हणायला शिकव. 'खरं' काय?"
इखलासनं ऐकून घेतलं. रात्री भांडी घासताना विचारलं,
"आक्का, खरं म्हणजे सच ना?
मग त्याच्या पुढं सारखं वाईटच का येतंय?"
मी नळ सोडला जोरात.

परवा ठाण्यातनं भाडेकरूचा कागद आला. सगळा कन्नडात.
छप्पन वर्षं ह्या गल्लीत,
बसचा बोर्ड मी रंगावरनं ओळखते.
तस्नीम तिसरीत आहे, कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत.
बोट ठेवून वाचायला लागली:
हेसरु, म्हणजे नाव. ऊरु, म्हणजे गाव.
एका ओळीवर अडली.
"आक्का, कायमचा पत्ता. कुणाचा घालू?"

लाईट गेली होती, माग बंद.
ती आईकडं बघत राहिली.
इखलास अरबीत काहीतरी बोलली, बरंच लांब,
मधे एकदा थांबून, परत.
पोरीनं लिहिलं मात्र एवढंसं, दोन शब्द असतील.
काय लिहिलं मला वाचता येत नाही.

खाली मालकाची सही होती.
मी केली. मराठीत.